बॉब डिलन कसा ऐकावा

अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलनचं कानावर पडलेलं पहिलं गाणं मी दुसरं कडवं यायच्या आत बंद केलं होतं. नाकातून येणारा, खरवडल्यासारखा आवाज, सूर कुठे लागतोय याची फिकीर नाही आणि मधूनच माउथ ऑर्गनचा कर्कश तुकडा. २०१६ साली त्याला साहित्याचं नोबेल जाहीर झालं तेव्हाही मला वाटलं, आपल्याला यातलं काही कळत नाही आणि कळणारही नाही. आज मी त्याची गाणी रात्र रात्र ऐकते. मधल्या काळात जे उमगलं ते इथे सांगते, कारण माझ्यासारखे एकदा ऐकून सोडून दिलेले खूप जण भेटतात आणि सगळे दोनच ठिकाणी अडलेले असतात. हा आवाज असा का? आणि हा माणूस स्वतःबद्दल काही बोलत का नाही?

या दोन्हींचं मूळ एकच आहे, असं आता माझं मत झालंय. पण तिथे पोचायचं तर आधी डिलन ज्यातून आला ते ‘फोक’ म्हणजे काय ते बघावं लागेल.

‘फोक’ला आपण ‘लोकसंगीत’ म्हणतो आणि मोकळे होतो. त्यात चालीची गोष्ट निसटते. जात्यावरची ओवी आठवा. बाई दळायला बसते, आईकडून, आजीकडून आलेली चाल धरते आणि आपल्या मनातली ओळ तीत बसवते. ही ओवी कुणाची, या प्रश्नाला उत्तर नसतं. ती म्हणणारीची असते आणि तिच्या आधीच्या सगळ्याजणींचीही असते. अमेरिकेत इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडहून आलेल्या लोकांनी आपली कथागीतं बरोबर नेली. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी आपल्या यातनेतून आणि श्रद्धेतून वेगळी गाणी घडवली. हे प्रवाह एकमेकांत मिसळत गेले. चाल उचलायची, कडवी बदलायची, गावाचं नाव बदलायचं आणि गाणं पुढच्याच्या हाती द्यायचं. याला कुणी चोरी म्हणत नव्हतं. गाणं जिवंत राहण्याची ती रीतच होती.

१९५२ साली हॅरी स्मिथ नावाच्या संग्राहकाने जुन्या तबकड्यांमधून निवडलेल्या ८४ गाण्यांचा एक संच प्रसिद्ध केला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९३० च्या सुरुवातीला खेड्यापाड्यांतल्या गायकांनी ती गायली होती. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातल्या कॉफी हाउसांत गाणाऱ्या तरुण पोरांनी हा संच पोथीसारखा पाठ केला. जानेवारी १९६१ मध्ये या पोरांत एकोणीस वर्षांचा एक मुलगा येऊन मिसळला. जन्म मिनेसोटा राज्यातल्या डुलुथचा, वाढला हिबिंग या लोखंडाच्या खाणींच्या गावात. नाव रॉबर्ट ॲलन झिमरमन, पण सांगायचा बॉब डिलन.

न्यूयॉर्कला येण्यामागे एक मोठी ओढ होती वुडी गथ्रीची. ओक्लाहोमातला हा गायक हंटिंग्टन्स या मेंदूच्या असाध्य आजाराने न्यू जर्सीतल्या रुग्णालयात पडून होता. हातापायांवर ताबा उरला नव्हता, गिटार सुटली होती. डिलन त्याच्याकडे जायचा आणि त्याचीच गाणी त्याला म्हणून दाखवायचा. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ज्याने गाणी केली त्याला ती आता गाता येत नाहीत आणि एक परका पोरगा पलंगाशी बसून ती त्याला परत देतोय. पुढे डिलनने गथ्रीला वंदन करणारं गाणं लिहिलं, तेही गथ्रीच्याच एका गाण्याच्या चालीवर. आणि गथ्रीच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याची, ‘धिस लँड इज युवर लँड’ची चालही एका जुन्या भजनावरून आलेली. ही साखळी एकदा लक्षात आली की डिलनबद्दलचा निम्मा गोंधळ मिटतो.

मार्च १९६२ मध्ये त्याची पहिली तबकडी आली. १३ गाण्यांपैकी त्याची स्वतःची फक्त दोन, बाकी सगळी परंपरेतली किंवा इतरांची. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या तबकडीत बहुतेक गाणी त्याची होती, पण ‘त्याची’ हा शब्द जपून घ्यायला हवा. ‘ब्लोइन इन द विंड’ची चाल ‘नो मोअर ऑक्शन ब्लॉक’ या गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांच्या गाण्यातून आली, हे त्याने स्वतः मान्य केलंय. ‘गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री’ हे गाणं लंडनमध्ये मार्टिन कार्थीकडून ऐकलेल्या ‘स्कार्बरो फेअर’वरून सुचलं.

मला मात्र ज्या गाण्याने धरून बसवलं ते होतं ‘अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल’. एका जाणत्या मित्राने सांगितलं, हे नुसतं ऐकू नकोस. आधी ‘लॉर्ड रँडल’ हे जुनं कथागीत ऐक, लगेच नंतर हे लाव. शेकडो वर्षं गायलं गेलेलं ते कथागीत म्हणजे आई आणि मुलाचा संवाद आहे. आई विचारते, कुठे होतास बाळा? तो सांगतो, रानात शिकारीला. जेवलास कुठे? प्रेयसीकडे. काय जेवलास? तो सांगत जातो आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी म्हणतो, आई, अंथरूण घाल, मी दमलोय. प्रश्न पुढे सरकतात तसं आधी आईला आणि मग आपल्याला कळतं की जेवणात विष होतं आणि पोर मरायला टेकलंय. गाणं संपेपर्यंत आवाज कुठेही चढत नाही, म्हणून ते जास्त लागतं.

मग मी डिलनचं गाणं लावलं. पहिलाच प्रश्न तोच. कुठे होतास? तोच आईबापाचा सूर, तेच ‘बाळा’. पण उत्तर एक येत नाही. उत्तरांची रांग लागते आणि प्रत्येक ओळीत एक अख्खं दृश्य असतं. कुठे गेलास, काय पाहिलंस, काय ऐकलंस, कोण भेटलं, आता काय करणार? पाच प्रश्नांची पाच कडवी, जवळपास सात मिनिटं. कडवी सारख्या लांबीची नाहीत. मुलाला जितकं सांगायचं असेल तितक्या ओळी वाढत जातात. चाल तेवढ्याच दोनतीन स्वरांवर घोटाळत राहते आणि ओळी संपता संपत नाहीत. त्या रात्री कानात इअरफोन घालून मी दोन्ही गाणी आळीपाळीने चार वेळा ऐकली. जुन्या गाण्यात एकट्या मुलावर विषप्रयोग झालेला असतो, नव्या गाण्यात अवघ्या जगावर झाल्यासारखा वाटतो. तो हे कुठेच म्हणत नाही. जुन्या गाण्याचा साचा पाठीशी उभा असतो म्हणून आपल्याला आपोआप तसं वाटतं.

या गाण्याबद्दल अजूनही सांगितलं जातं की ते सोव्हिएत संघाने क्यूबात आणलेल्या क्षेपणास्त्रांच्या पेचावर लिहिलंय आणि तो पाऊस म्हणजे अणुबॉम्बचा पाऊस. राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्या पेचाबद्दल देशाला सांगितलं ते २२ ऑक्टोबर १९६२ ला. हे गाणं डिलनने त्याच्या महिनाभर आधी, सप्टेंबरमध्ये, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायलं होतं. जुन्या साच्यात ओतलेलं गाणं कुठल्याही संकटात त्या संकटासाठीच लिहिल्यासारखं वाटतं. लोकगीताचं बळ असतं ते हेच.

आता आवाजाकडे वळू. गोड गळ्याची अपेक्षा घेऊन गेलं तर डिलन निराशच करणार. पण त्या ८४ गाण्यांतले गायक ऐका. डोंगराळ भागातले शेतकरी, कापसाच्या मळ्यांतले मजूर, रस्त्यावर ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांची दुःखगीतं, गाणारे आंधळे गायक. गोड गाणारे त्यात थोडेच. बऱ्याच जणांचा आवाज चिरका असतो, नाकात असतो, कारण तो उघड्यावर, गर्दीत, एका गिटारीवर ऐकू जायला हवा. विशीतल्या डिलनने हा म्हाताऱ्या माणसांचा आवाज हट्टाने कमावला.

ऐकताना सूर मोजण्याऐवजी शब्द कुठे पडतो ते पाहावं. आपल्याकडे समेवर येण्याचं मोल आपण जाणतो. डिलन समेशी खेळतो. शब्द ठेक्याच्या जरा मागे ठेवतो, मग पुढचे चार शब्द एका दमात ओतून ठेक्याला गाठतो. एखाद्या शब्दाचा शेवटचा स्वर नको इतका ताणतो आणि तेवढ्याने त्या शब्दाचा अर्थ वाकतो. साधा प्रश्न टोमणा होतो, टोमण्यात मधेच कणव येते. १९६५ सालचं ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ फक्त या एका गोष्टीसाठी ऐकून बघा. सहा मिनिटांहून लांब गाणं, त्यात एकच प्रश्न धृपदात फिरून फिरून येतो आणि दर वेळी तो वेगळ्या वजनाने विचारलेला असतो. पहिल्यांदा मला त्यात फक्त सूड ऐकू आला होता. बऱ्याच दिवसांनी जाणवलं की ज्या हरवलेल्या बाईला तो हा प्रश्न विचारतोय, तिला शेवटच्या धृपदात तो जवळजवळ मोकळं करतोय.

आणि आता तो दुसरा प्रश्न.

लोकगीतातला ‘मी’ गाणाऱ्याचा नसतो. पेशवाईतल्या शाहिरांनी बाईच्या तोंडून लावण्या लिहिल्या. विरहात जळणारी ती ‘मी’ म्हणजे शाहीर, असं कुणी समजत नाही. अमेरिकी कथागीतांतही गायक एका गाण्यात खुनी असतो, दुसऱ्यात खून झालेली मुलगी, तिसऱ्यात बुडालेल्या जहाजावरचा खलाशी. डिलन याच परंपरेतला. पण तो ज्या काळात मोठा झाला तो टीव्हीचा, मासिकांचा, तबकड्यांच्या कव्हरावर चेहरा छापण्याचा काळ होता. लोकांना गाण्यामागचा माणूस हवा होता, लगेच हवा होता.

सुरुवातीला त्याने स्वतःबद्दल सरळ कथा रचल्या. लहानपणी घरातून पळालो, फिरत्या जत्रेत काम केलं, अशा. नोव्हेंबर १९६३ मध्ये एका मोठ्या साप्ताहिकाने छापलं की हा तर मध्यमवर्गीय घरातला, आईवडील सुखरूप असलेला मुलगा. त्या घावानंतर पत्रकारांपुढे तो स्वतःबद्दल आणखीच हातचं राखून बोलू लागला. वडिलांचं दुकान लपवणं मला फार कौतुकाचं वाटत नाही. पण ज्या गाण्यांत तो वाढत होता त्यांत गायक भटका, बेघर, नाव बदललेलाच असायचा, आणि तो पोरगा गाण्यातलं आयुष्य अंगावर घालून फिरत होता, हेही खरं. ऑगस्ट १९६२ मध्ये त्याने कायद्यानेही नाव बदलून घेतलं.

त्याच वर्षांत लोकांनी त्याला ‘पिढीचा आवाज’ ठरवलं. २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्च्यात तो गायला. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या मेडगर एव्हर्स यांचा जूनमध्ये खून झाला होता, त्यावरचं गाणं त्याने तिथे म्हटलं. पण त्यात खुन्यावर राग काढून तो थांबत नाही. गरीब गोऱ्या माणसाच्या मनात द्वेष पेरून त्याला प्यादं बनवणाऱ्यांकडे तो बोट दाखवतो. अशा माणसाकडून लोकांना घोषणा हव्या होत्या आणि त्याच्याकडे गाणी होती. २५ जुलै १९६५ ला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो इलेक्ट्रिक गिटार आणि बँड घेऊन उभा राहिला आणि हुर्यो उडाली. १७ मे १९६६ ला मँचेस्टरमध्ये प्रेक्षकांतून कुणीतरी ‘ज्यूडस’ म्हणून ओरडलं, म्हणजे येशूला फितूर झालेला शिष्य. परंपरेचा द्रोह केला, असा आरोप. मला तो आरोप उलटा वाटतो. ब्लूजवाले गायक शहरात आले तेव्हा त्यांनीही गिटारीला वीज जोडली होती. परंपरा काचेच्या कपाटात ठेवा, असं म्हणणारे चाहते होते. ती पुढे नेत होता तो डिलन.

२९ जुलै १९६६ ला वुडस्टॉक या गावाजवळ त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला आणि जवळजवळ आठ वर्षं त्याने दौरा केला नाही. घरात लहान मुलं होती. चाहते वुडस्टॉकच्या घरात घुसायला लागले. कंटाळून तो न्यूयॉर्क शहरात परतला, तर तिथे एक माणूस त्याच्या दारातल्या कचऱ्याच्या डब्यात गाण्यांचे अर्थ शोधत होता आणि जमाव घेऊन दारापुढे उभा राहत होता. हे वाचताना मला संताप येतो. आवडत्या कवीच्या घरातल्या लंगोटांत कवितेचा अर्थ सापडेल, असं वाटणं हे प्रेम कसं म्हणायचं?

मग त्याने कुंपण आणखी उंच केलं. १९६५ चं पहिलं लग्न त्याने गाजावाजा न करता केलं होतं. १९८६ मधल्या लग्नाची बातमी तर २००१ साली एका चरित्रामुळे बाहेर आली. जुलै २००९ मध्ये न्यू जर्सीतल्या लाँग ब्रँच गावात तो दौऱ्यावर असताना भर पावसात एकटाच वस्तीतून फिरत होता. कुणीतरी पोलिसांना कळवलं. तरुण पोलीस बाईने नाव विचारलं, त्याने खरं नाव सांगितलं, तिला पटलं नाही. ओळखपत्र जवळ नव्हतं, म्हणून तिने त्याला गाडीत बसवून त्याच्या मुक्कामी नेलं आणि खात्री करून घेतली. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गायकांपैकी एक, आणि पावसात चालताना त्याला कुणी ओळखत नाही. त्याने वर्षानुवर्षं राखलं ते हेच असावं, असं मला वाटतं.

इतकं असूनही तो अबोल मात्र नाही. स्वतःबद्दल विचारलं की गप्प, पण गाण्यांबद्दल विचारा, थांबत नाही. १९९२ आणि १९९३ साली त्याने एकट्याने गिटार आणि माउथ ऑर्गनवर जुनी गाणी गाऊन दोन अल्बम काढले. त्यातल्या दुसऱ्या, ‘वर्ल्ड गॉन राँग’च्या वेष्टनावरचा मजकूर त्याने स्वतः लिहिला आणि कुठलं गाणं कुणाकडून घेतलं, त्यात काय आहे, हे ऋण फेडल्यासारखं सांगितलं. २००६ ते २००९ दरम्यान त्याने रेडिओवर १०० भागांचा कार्यक्रम केला. हवामान, आई, दारू असे एकेक विषय घ्यायचे आणि त्यावरची इतरांची गाणी वाजवायची. फेब्रुवारी २०१५ मध्ये लॉस एंजेलिसला एका सत्काराच्या भाषणात तो अर्ध्या तासाहून जास्त बोलला आणि सांगितलं ते हेच की माझी गाणी आकाशातून पडली नाहीत. ‘जॉन हेन्री’सारखी जुनी लोकगीतं मी जितक्यांदा म्हटली तितक्यांदा तुम्ही म्हटली असतीत, तर तुम्हीही माझी गाणी लिहिली असतीत, अशा आशयाचं तो बोलला. माणूस दाराआड आणि शिदोरी मात्र उघडी. त्याच्या वह्या, खोडून खोडून लिहिलेली कडवी, ६,००० हून अधिक वस्तूंचा संग्रह २०१६ साली ओक्लाहोमातल्या टल्सा शहराकडे गेला. १० मे २०२२ ला तिथे डिलन सेंटर उघडलं. शेजारीच वुडी गथ्रीचं सेंटर आहे.

नव्याने ऐकणाऱ्याने सुरुवात कुठून करावी? लोक ‘सर्वोत्तम गाणी’ लावून देतात. मी ‘वर्ल्ड गॉन राँग’ लावून देते. तिथे पन्नाशीतला डिलन जुन्या गाण्यांपुढे मान खाली घालून गातो, नवं काही सिद्ध करायची घाई नाही. त्या गाण्यांची सवय झाली की मागे १९६३ कडे जावं, मग १९६५, मग १९७५ चं ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’. हा अल्बम त्याच्या मोडत्या संसाराचा आहे असं सगळे म्हणतात, तो नाही म्हणतो. मी त्या भांडणात पडणं सोडून दिलंय. त्यातल्या पहिल्याच गाण्यात ‘मी’ आणि ‘तो’ यांची अदलाबदल त्याने वेगवेगळ्या वेळी गाताना केली आहे. त्यालाच कोणतं सर्वनाम खरं हे ठरवायचं नाही, तर आपण कशाला ठरवायचं?

मैफलींचीही तयारी ठेवावी लागते. जून १९८८ पासून तो जवळपास सलग दौऱ्यावर आहे, ३,००० हून अधिक कार्यक्रम झालेत, मध्यंतरी महामारीमुळे खंड पडला तेवढाच. अलीकडच्या कार्यक्रमांत प्रेक्षकांचे फोन दारातच पिशवीत बंद केले जातात. आणि ओळखीचं गाणं तो अशा ठेक्यात गातो की अर्धं कडवं झाल्यावर कळतं, अरे, हे तर ते. पैसे देऊन आलेले लोक चिडतात. मला ते पटतं, पण त्याचंही पटतं. तबकडीवरचं गाणं म्हणजे एका दिवशी ते जसं म्हटलं गेलं तसं. ओवी म्हणणारी बाई काल म्हटली तशीच आज म्हणत नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये नोबेल जाहीर झाल्यावर दोनेक आठवडे त्याने जाहीरपणे काही म्हटलं नाही. १० डिसेंबरच्या समारंभाला तो गेला नाही. पदक त्याने पुढच्या वर्षी १ एप्रिलला स्टॉकहोममध्येच, कॅमेऱ्यांशिवाय घेतलं. समारंभात त्याच्या जागी गायिका पॅटी स्मिथ उभी राहिली. राजघराणं समोर, वाद्यवृंद मागे, आणि तिने निवडलं होतं ते प्रश्नोत्तरांचं गाणं, ‘अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल’. दुसऱ्या कडव्यात ती अडखळली. ओळी गेल्या. तिने माफी मागितली, फार दडपण आलंय म्हणाली आणि पुन्हा सुरुवात करू द्या असं विचारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाद्यांनी तिला जागा करून दिली आणि तिने सुटलेला धागा पकडून कडवं परत म्हणायला घेतलं.